हवा भरण्याआधी

बस त्या खोक्यावर. ट्यूब पाण्यात बुडवतो,
बुडबुडे कुठून येतात बघू,
तोवर शुक्रवारचा सिनेमा सांगतो.

सिमेंटचे बाक, वर उघडं आभाळ,
आणि इथं बोबो-जुलासोत हरमटानचा वारा सुटला
की कुठल्याही देशाची नायिका असो,
तिच्या गालावर धूळ आमचीच.

हिरो देखणा होता, नाही म्हणत नाही.
भर पावसात त्याची गाडी बसली.
चाक बदलायचं, तर या गृहस्थानं
आधी जॅक लावून गाडी उचलली,
मग नट सैल करायला घेतले!
अरे, चाक गरागरा फिरेल ना हवेत?
तिथंच माझा विश्वास उडाला.
पुढं तो आईच्या थडग्यापाशी रडला,
बाकं हुंदके देत होती,
मी आपला मनात:
ज्याला पाना धरता येत नाही
त्याच्या आसवांची काय हमी?

कोरोतिमी म्हणते, सियाका, तू सिनेमा बघत नाहीस,
चाकं बघतोस.
आणि ती? ती तेल बघते.

त्याच्या आदल्या महिन्यात पडद्यावर एक बाई होती,
बाजरीचे वडे तळणारी. मुलगा दूर गेलेला.
तासभर बोलली नाही.
पत्र आलं तेव्हा फक्त
कमरेच्या कापडाला हात पुसला.
मग पुन्हा पुसला,
कोरडाच हात.
मला शेंगदाणा गिळवेना.
कोरोतिमी बावीस वर्षं वडे तळते बाजाराच्या तोंडाशी.
म्हणाली, तेल तापलंच नव्हतं. चर्र कुठं झालं?
घर येईपर्यंत आम्ही बोललो नाही.
रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली,
हात मात्र बरोबर पुसला.

राजाचा एक आला होता. नट मोठा, आवाज ढोलासारखा,
आणि मरायला पंधरा मिनिटं!
मी उठलो, भिंतीमागं जाऊन आलो,
बिंतूकडून शेंगदाणे घेतले, सुट्टे दोनदा मोजले,
परतलो तर राजा अजून मरतोच आहे.
लासिना पुढून ओरडला, आटप रे बाबा, सकाळी कामं आहेत!
हसलो सगळे. मीही.
माझा बाप गेला तो
चपलेचा अंगठा तुटल्याची तक्रार करत.
वाक्य अर्धंच राहिलं.
ते कोणी त्या नटाला सांगितलेलं दिसत नाही.

गाढव? हो, ते गाढव उत्तम.
एकदाच आपल्याकडं बघतं
आणि काहीही सांगत नाही.

पण सगळ्यात चांगला विचारशील,
तर तो मी पुरता पाहिलेलाच नाही.
नदीकाठी मुलगी उभी, हातात निळी बादली.
पलीकडून होडी सुटलेली.
होडीत कोण, ते दिसायच्या आत वीज गेली.
अर्धा तास बसलो अंधारात, डास मारत.
दुसऱ्या दिवशी गेलो तर
डबे बान्फोराच्या गाडीवर चढलेले.

अकरा वर्षं झाली.
मी म्हणतो, होडीत तिचा भाऊ.
कोरोतिमी म्हणते, होडी रिकामी,
दोर सुटून आपली आपण आलेली.
मुलीचं नाव दोघंही विसरलो,
भांडण नाही विसरलो.
एखाद्या दिवशी ती म्हणते, बरं, भाऊ.
तेव्हा मला वाटतं,
रिकामीच असावी.

परवा लासिनाचा मावसभाऊ आला आबिजानहून.
हाच टायर, हेच खोकं.
म्हणाला, तो होय? मी शेवटपर्यंत पाहिलाय,
सांगू का, होडीत...

मी कॉम्प्रेसर चालू केला.

त्याचे ओठ बराच वेळ हलत होते.

हं, थांब, सापडलं.
व्हॉल्व्हच्या बुडाशी. बघ कसं बारीक बारीक
बोलतंय.