लाल पिन

चित्र आधी आलं.
ते येतंच म्हणे. निळ्या तोंडाच्या केबलमधून
फक्त चित्र जातं, आवाज जात नाही,
असं डिचोलीच्या बाजारात उल्हास च्यारीनं सांगितलं
आणि माझ्याकडे असं बघितलं
की एवढं तर मयेतल्या म्हशींनाही ठाऊक असतं.

तर चित्र: शहाण्णवची जत्रा,
कॅसेटवरून पेन ड्राइव्हवर, तिथून लॅपटॉपवर,
आणि आता बाबांच्या जुन्या टीव्हीवर
राजा झालेला फटू गांवस तलवार उपसून
तोंड उघडतो, मिटतो, उघडतो.
आवाज मात्र लॅपटॉपच्या पोटात,
डासाएवढा.
बाबा कानामागे हात धरून बसलेले.
यंत्र लावून घ्या म्हटलं तर म्हणतात,
ऐकण्यासारखं बोलतंय कोण?

मी दुसऱ्यांदा गेले.
एका टोकाला एक पिन, दुसऱ्या टोकाला दोन,
लाल आणि पांढरी. एकशे वीस रुपये.
"लावण्याआधी फुंकर मार," उल्हास म्हणाला.
टीव्हीच्या पाठीला खाणीची तांबडी माती,
खाण बंद पडून इतकी वर्षं झाली
तरी भोकाभोकांत बसलेली.
टॉर्च दातांत धरून, गाल भिंतीला लावून
मी चाचपत पांढरी बसवली. लाल बसेना.
भोक सैल, की धूळ, की माझाच हात.

तरी राजा बोलला.
पेटी वाजली, मागे कुणाचं पोर रडलं,
चणेवाला ओरडला,
आणि बाबा खुर्चीत पुढे सरकले.
"तुम्ही कुठे आहात यात?"
"विंगेत."

बावीस वर्षं ते विंगेत होते,
गुडघ्यावर वही, हातात बॅटरी
आणि तोंडात सगळ्यांची वाक्यं.
गावात त्यांचं काम कुणी पाहिलेलं नाही.

जेवणानंतर पुन्हा पाठीमागे शिरले.
लाल पिनेची कडी पकडीनं किंचित आवळली,
दाबली. खट.
आणि राजाच्या आधी कुणीतरी कुजबुजलं:
हे सूर्या, साक्ष राहा
"हे सूर्या! साक्ष राहा!" फटू गरजला.
शूटिंगवाल्यानं दोन माईक लावले होते,
एक समोर, एक विंगेपाशी,
आणि ते दोघे सगळी वर्षं
एकमेकांत न मिसळता चालत आले होते.

बाबांनी तीन वाक्यं ऐकली.
चौथ्याला म्हणाले, "इथं मी उशीर केला."
मग म्हणाले, "काढ ती."
"काय?"
"लाल. प्रॉम्प्टर लोकांना ऐकू येता कामा नये."
मी काढली.
उरलेलं नाटक त्यांनी तसंच पाहिलं,
ओठ हलवत,
दर वेळी फटूच्या किंचित आधी.

साडेअकराला ते झोपले.
मी पांढरी उपटली, लाल लावली.
पेटी गेली, टाळ्या गेल्या,
राजा लांब कुठेतरी, विहिरीतून बोलावा तसा.
जवळ फक्त वहीचं पान. खोकला.
हळू... आता तलवार... नको, राहू दे, पुढे चल...
आणि एका लांबलचक जागेत,
राणी नुसतीच रडत होती तेव्हा,
बाबा वहीत नसलेलं काहीतरी बोलले.
"चेडूं न्हिदलें?"

मी तेव्हा चार वर्षांची.
विंगेत पडद्यांच्या गाठोड्यावर मला झोपवत,
असं आई सांगायची.

मी मागे नेऊन तीनदा ऐकलं.
उत्तर कुणी दिलं असेल
तर ते पांढऱ्यात असेल.