चालतंय की

तीन उन्हाळे ह्यांचं एकच उत्तर,
"चालतंय की."
चालत होता, खरंय.
दाणा संपल्यावरही फिरत राहिलेल्या गिरणीसारखा.
अठरावर लावावा तर खोली अठ्ठावीसवर,
बिल मात्र बघूनच गार व्हावं.
खाली मी रंगाचा रिकामा डबा ठेवलेला,
त्यात रात्रभर टिप् टिप्,
सकाळी ते पाणी कोरफडीला.

अल्ताफ नदाफ आला चैत्राच्या भर दुपारी.
स्टुलावर चढला, झाकण उचललं,
जाळी हातात धरून नुसता माझ्याकडे बघत राहिला.
पिवळी होती ती.
सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागं घर,
दुसऱ्या कुठल्या रंगाची असणार?
तिकडं हळदीची पोती झटकतात,
इकडं आम्ही खिडक्या लावून घेतो
आणि समजतो, बाहेरच राहिली.

"काकू, ह्यातनं त्यानं श्वास कसा घ्यायचा ओ?"

मोरीत जाळी धुतली.
लग्नघरातून वाहावं तसं पाणी गेलं,
मागं राहिला ह्यांच्या पावडरीचा चिखल
आणि दोन लांब केस, लेकीचे.
ती पुण्याला जाऊन दोन वर्षं झाली.

"तू दस्तगीरचाचांचा नातू ना?"
दिवाळी सरली की यायचे ते, खांद्यावर धनुकली,
तारेचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला
की सासूबाई गाद्या अंगणात काढायच्या.
वर्षभर अंगाखाली दबलेला कापूस
एकदा मोकळा करावा लागतो, म्हणायच्या.
झोप लागतेय की, कशाला पिंजायच्या,
असं तेव्हा कुणी म्हणालं नाही.

अल्ताफ हसला. "तार गेली काकू, तांब्याची नळी आली."
वाकलेल्या पात्या त्यानं ब्रशनं विंचरल्या,
शाळेला निघालेल्या पोराच्या केसांसारख्या.
पाणी जायच्या पाइपातून
कुंभारणीचं मातीचं घरटं निघालं.
एवढ्याशा माशीनं तीन वर्षं आमचा डबा भरला होता.

सहाशे झाले. ह्यांनी पाचशे काढले,
शंभर मी डब्यातले दिले, पोह्यांच्या.
"पुढच्या वर्षी शिमग्याच्या आधी ये,
बोलवायची वाट बघू नको."

रात्री खोली खरंच गार पडली.
ह्यांनी न बोलता कपाटातली दुलई ओढली.
टिप् टिप् नाही, घरघर नाही,
इतकं शांत, की कितीतरी दिवसांनी
मला ह्यांचा श्वास ऐकू आला.
आत जाताना नीट,
बाहेर येताना बारीक शिट्टी.
किती दिवसांची असेल, कोण जाणे.
मी अंधारात उठून बसले,
मोजत राहिले.

सकाळी चहा पुढं ठेवत म्हटलं,
"अकराला मिरजेच्या डॉक्टरांकडं नंबर लावलाय."
ह्यांनी तोंड उघडलं.

"ते मला पाठ आहे," मी म्हटलं,
"आधी चपला घाला."