बेचाळीस वजा सतरा

रविवारी रात्री मी टाचणवही भरते.
पाच दिवस, सहा इयत्ता, एक खोली, अकरा मुलं.
चौकोन आखले की वाटतं
आठवडा आता शहाण्यासारखा वागेल.

सोमवारी मुलं काखेत एकेक ओंडका घेऊन येतात.
शेगडी धरते, मोजे वाळत पडतात तिच्या कठड्यावर,
खोलीभर ओल्या लोकरीचा वास, थोडा कालवांचा.
फळ्यावर लिहिते: बेचाळीस वजा सतरा.
दोनातून सात जात नाहीत. मग?
सगळे एका सुरात,
"शेजारच्या दशकाकडून एक उसना घ्यायचा!"
मी हुश्श करून खडूचे हात झटकते.

यानिराचा हात वर. दुसरीतली, पुढचे दोन दात पडलेली.
"बाई, तो परत कधी करायचा?"
"कोण?"
"उसना घेतलेला."

चिलोएच्या पूर्वेच्या या बेटावर पाचशेही माणसं नसतील.
कुणाची करवत कुणाकडे आहे हे इथे कुत्र्यांनाही ठाऊक.
डोन्या ओतिलिया वाटीभर पीठ देते
आणि दाराशी थांबून वाटीची आठवण देते.
जो परत करत नाही त्याला
घर ओढून दुसऱ्या टेकडीवर न्यायच्या दिवशी
कुणी बैल देत नाही.
अशा गावच्या पोरीला मी म्हटलं,
"गणितात तसं नसतं गं."
म्हटलं, आणि माझं मलाच ते पटेना.

मंगळवारी सहावीला अपूर्णांक, जांभळे बटाटे चिरून.
निम्मे अपूर्णांक शेगडीत भाजून खाल्ले.

बुधवारी उत्तरेचा वारा. रेडिओ म्हणाला, बंदर बंद.
पलीकडच्या खाडीतली होडी आलीच नाही.
टाचणवहीत बुधवारचा चौकोन कोरा,
त्यावर फक्त चहाच्या कपाचा गोल.
तिघंच आले होते. त्यांत रोसामेल.
त्याचे वडील माशांच्या पिंजऱ्यांखाली बुडी मारायचे.
मार्चपासून तो वर्गात बोललेला नाही.
त्याला बोलतं करायच्या माझ्याकडे सोळा कल्पना आहेत,
वेगळ्या वहीत, क्रमांक घालून.
त्या दिवशी एकही काढली नाही.
आम्ही लाकडं रचली. मोठी खाली, बारकी वर.
ढीग दोनदा कोसळला.

गुरुवारी कास्त्रोहून तपासनीस आले, कोट न काढता बसले.
"या आठवड्याचं उद्दिष्ट?"
मी चौकोन दाखवले.
त्यांनी शिक्का मारला, चहाचा गोल चुकवून.

शुक्रवारी शेवटच्या तासाला रोसामेल उठला,
विचारलं नाही, खडू घेतला.
पंचविसांखाली सतरा मांडले.
पाच आणि सात बारा. दोन खाली,
आणि हातचा एक
दशकाच्या डोक्यावर ठेवला,
घरट्यात अंडं परत ठेवावं तसा, हळू.
बेचाळीस.
मग यानिराकडे वळला. आवाज गंजलेला,
थंडीभर न उघडलेल्या कडीसारखा:
"हा बघ. दिला."

शेगडीत काहीतरी फुटलं. मी फळ्याकडे पाठ केली नाही,
तोंड केलं, आणि बराच वेळ तसंच ठेवलं.
एकोणीस वर्षं शिकवते आहे मी हा हातचा.
तो घरी निघालेला असतो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

यानिरानं बोटांवर मोजून पाहिलं.
पुन्हा मोजलं.
"बरोबर आहे," म्हणाली,
"पण चार दिवस ठेवला."

आज पुन्हा रविवार.
ओतिलियाची वाटी धुऊन खिडकीत पालथी घातली आहे,
उद्या जाताना नक्की देईन.
मीही इथे एका वर्षापुरती आले होते,
वाल्दिव्हियाहून, कुणाच्यातरी रजेच्या जागी.
वही उघडली. सोमवार, दुसरी: हातच्याची बेरीज.
आणि यानिरानं व्याज विचारलं तर

त्यापुढे काही लिहिलं नाही अजून.