शहाण्णव घरं

वडगावातली भारता विचारते, "गाठ सुटंल न्हवं वो?"
दिवसभर कारखान्यात तुटले धागे सांधते ती,
बोटांना तेवढंच ठाऊक:
मारली ती सुटते, नाहीतर कापता येते.
डॉक्टर कन्नडातून समजावतात, गंटु म्हणतात.
तोही शब्द धाग्याचा आणि मांसाचा, दोन्हींचा.
मला काही सांगायची परवानगी नाही.
मी फक्त रक्त काढते.

प्रज्वल नावगेकर, वय नऊ.
सुई टोचताना बघत राहतो, डोळे मिटत नाही.
"मावशी, ह्याच्यात काय लिवलंय?"

लिहिलंय बरंच.
रक्त गरगर फिरवलं की वर राहतं फिकट पाणी,
ताकावरच्या निवळीसारखं.
पेशींनी एकमेकींना धाडलेले सगळे निरोप त्यात.
कुणी धावा म्हणतंय, कुणी आग लावा.
आणि एक इंटरल्युकिन टेन,
घरोघर फिरून म्हणणारा,
जाऊ दे, भांडू नका, दारं लावून घ्या.
गल्लीत असा माणूस असला तर आपण त्याला शहाणा म्हणतो.
इथं त्याच्या शांततेत
गाठ वाढत जाते.

प्लेटला शहाण्णव घरं.
डावीकडच्या दोन रांगा माहीत असलेल्या मापांच्या,
प्रज्वलचं घर डी सात, आणि खात्रीसाठी डी आठ.
आधी निळं चढतं. पंधरा मिनिटं
मी घड्याळ बघते, खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर पुसत असतो.
मग आम्लाचा थेंब,
आणि निळ्याचं पिवळं.

हाच पिवळा भारताच्या कपाळावर असतो सकाळपासून,
सौंदत्तीचा भंडारा.
तिथं जितका गडद तितकं बरं.
इथं उलट.

पहिल्या वेळी डी सात
हळद सांडल्यासारखं झालं होतं.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी एक आलेख दाखवला मला.
दोन रेषा. आकडा कमी असलेल्या पोरांची वरची,
जास्त असलेल्यांची खालची,
पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेलेली.
एक पायरी म्हणजे एक पोर, ते म्हणाले,
आणि चष्मा पुसायला लागले.
रेषेवर बारीक उभ्या रेघाही होत्या.
त्या कोण?
जी परत आलीच नाहीत ती. जगली की काय, कळलं नाही.

आमच्याकडे अशा रेघा फार.
कार्ड तिकडचं, दवाखाना इकडचा,
म्हणून चंदगडच्या बाजूचा एक मुलगा
चौथ्या सलाईननंतर मिरजेला नेतो म्हणाले, आणि नेला.
सचिन का सतीश. वहीत बघायला हवं.
गेल्या वर्षी निपाणीच्या स्टँडवर
उसाचा रस पिणारं एक उंच पोर दिसलं,
मानेवर उजवीकडे आडवा व्रण.
माझी बस सुरू झाली होती.
मी उतरले नाही.
उतरायला हवं होतं.

आज प्रज्वलचं तिसरं रक्त.
गाठ हाताला आहे तेवढीच लागते, डॉक्टर सकाळी म्हणाले.
केस गेलेत, टोपी क्रिकेटची, मापाला मोठी.
मी प्लेट उजेडाकडे धरली,
मग पुन्हा धरली.
डी सात, डी आठ. लिंबूपाण्याएवढा पिवळा,
तोही पाणी जास्त घातलेल्या.

आकडा यंत्रातून यायचा होता.
आकडा आला तरी एवढ्यानं काही ठरत नाही, मला माहीत आहे,
ती खालची रेषाही कुणाच्या तरी आकड्यांचीच होती.
तरी जिन्यात भारता भेटली
आणि माझ्या तोंडून निघालंच,
"फिकट आलाय आज. पिवळा. एकदम फिकट."

ती घाबरली.
माझ्याकडे बघत बघत
पदराची गाठ सोडली तिनं,
चिमटीत भंडारा घेतला
आणि टोपी मागं सारून
पोराच्या कपाळावर
दाट, खूप दाट लावला.