घर हलवताना

रोसामेलचं घर परवा हललं,
चिलोए बेटावर, ट्रकवर,
पट्ट्यांनी आवळून, सव्वा तासात.

बापाच्या वेळी हेच घर
ओंडक्यांवरून सरकत किनाऱ्याला आलं होतं.
बैलांच्या सोळा जोड्या,
अख्खी वाडी दोराला,
आणि मग सगळे बसून राहिले
भरतीची वाट बघत.
समुद्राला विचारल्याशिवाय
घर पाण्यात घालायची सोय नव्हती.

परवा भरती होती की ओहोटी
कुणाला ठाऊक.
ड्रायव्हरच्या कानात गाणी.
शेजारच्या एदुविनाने खिडकीतून पाहिलं,
पडदा ओढला.
कुणाच्याच तळहातावर
दोराचा वळ उठला नाही.

नव्या जागी दार रस्त्याकडे.
रोसामेलने तरी मोठं पातेलं चढवलं,
चाळीस माणसांचं.
बटाटे शिजले.
झाकण काढून तो
थोडा वेळ
तसाच उभा.