हातभर दोर, अर्धी वीत

चूल बोटीतून आली. बिडाची, एकशे साठ किलो.
सुन्नेवा चौपन्न किलोची, गमबुटांसकट.
मधे काळा, ओला, उभा कडा,
आणि कड्यावर मी, वय वर्षे नऊ,
शेजारच्या घरातून मदतीला पाठवलेला.

फॅरो बेटांच्या पश्चिमेला आमची चार घरं.
माणसं मासेमारीवर गेलेली.
हानुस तर तीन वर्षांपूर्वीच गेला होता, परत न येण्यासाठी.
त्याच्या शिडाच्या दोन कप्प्या तेवढ्या
मेंढीच्या चरबीत गुंडाळून तिने ठेवल्या होत्या.

तुळईला एक टांगली, एक खाली सोडली,
दोर वर-खाली, वर-खाली ओवला.
"मोज, मिक्याल. खालच्या कप्पीला किती पदर?"
चार.
"मग चूल चौघांनी धरली. माझ्या वाट्याला चाळीस किलो.
वर कप्प्या दलाली खातील ती वेगळी."

पण चार पदरांत दोर आखूड पडला.
आकडा बोटीच्या वर, दोन हातांवर, लोंबत राहिला.
खालून योआन ओरडला,
"एक पदर काढ! तीनवर पोचेल!"
सुन्नेवाने मनात भागाकार केला,
स्वतःच्या मनगटांकडे पाहिलं
आणि कड्याच्या टोकावर बसून विणकाम काढलं.

आम्ही थांबलो. पाऊण मोजा झाला.
भरती चढत होती, कुणालाही न विचारता,
बोट, चूल, योआन आणि त्याची शिवी
सगळं एकदम उचलत.
आकडा कडीत बसला तेव्हा
खट्ट असा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

मग ती दोराला लोंबकळली.
हातभर दोर ओढावा तेव्हा अर्धी वीत चूल.
हातभर. अर्धी वीत.
मी सुटलेला दोर खुंटाला वेढे देऊन धरायचो,
ती श्वास घ्यायची, कड्यावरचे पक्षी शिव्या द्यायचे.
मला वाटलं होतं, कप्पी म्हणजे जादू.
ही तर उधारी होती:
ओझं हलकं, पण हप्ते चौपट.

चूल वर आली तेव्हा माझ्या पायाशी
अख्खा कडा पडला होता, चार वेळा,
ओल्या दोराच्या वेटोळ्यांत.

"जड होतं?" मी विचारलं.
तिने तळहात पाहिले, मग तुळईकडे हनुवटी उचलली.
"तिला विचार.
तिच्यावर चूल होती, आणि मीसुद्धा."

तुळई अजून तिथंच आहे.
दोर घासल्याची खाच बोटाने चाचपली
की आत थोडी चरबी लागते.