मिठाला जागणं

मी पावणेपाचला दुधाचा टँकर घेऊन निघतो,
कॉरीन पाचला येते.
मधली पंधरा मिनिटं घरात कोणीच नसतं,
फक्त खिडकीत एक काचेची बरणी,
संत्र्याचा रस, नारळाचं पाणी
आणि चिमटीत मावेल एवढं मीठ.

रात्रभर ती फोन उचलते.
व्हरमाँटच्या या वरच्या कोपऱ्यात
ज्याचं कोठार पेटतं, ज्याचा बाप न्हाणीघरात पडतो,
ज्याची गाडी बर्फावरून घसरून ओढ्यात जाते,
त्याच्या कानात आधी तिचा आवाज.
"पत्ता सांगा. मी इथेच आहे."
इतक्या जणांना "मी इथेच आहे" म्हणते
की घरी पोचेपर्यंत
ती कुठेच उरलेली नसते.

मार्चमध्ये बूट काढायला म्हणून पायरीवर बसली
ती उठेचना.
मी दुपारी परतलो तेव्हाही एक बूट पायात होता.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं,
पाकिटाच्या मागे चित्र काढलं,
दोन मूत्रपिंडं आणि त्यांच्या डोक्यावर
बाळाच्या टोपड्यासारख्या दोन ग्रंथी.
"या ठणठणीत आहेत.
ग्रंथी दमल्या असं आम्ही म्हणत नाही.
तुम्ही दमला आहात, ते मात्र खरं."
परतताना गाडीत कॉरीन गप्प होती.
पुलावर आल्यावर म्हणाली,
काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं, वेंडेल.
रोगाला निदान नाव असतं.

त्याच पाकिटावर, चित्राच्या खाली,
तिच्या मावसबहिणीने फोनवर सांगितलेली कृती आहे.
माझा विश्वास नाही.
पण संत्री मी पिळतो, रोज रात्री साडेनऊला,
बिया काढतो,
कारण बी दाताखाली आली की ती अर्धं टाकून देते.

जुलैत शेजारचे मेरिल कटिंग कुंपणाशी थांबले.
वय एक्याऐंशी, अंगावर गवताचा भुसा.
"नारळ कुठला आणतोस? इथे नारळ कुठे पिकतो?"
मग त्यांनी स्विचेल सांगितलं:
विहिरीचं पाणी, सफरचंदाचा शिरका, किसलेलं आलं,
मेपलचा पाक, आणि मीठ.
गवत कापणाऱ्यांसाठी बुधला ओढ्यात बुडवून ठेवायचा,
दोरी वाळुंजाच्या मुळीला.
माप विचारलं तर म्हणाले, "जिभेला विचार.
आवडलं तर अंगाला हवं होतं.
तोंड वाकडं झालं तर पुरे."

त्या रात्री वादळ झालं. वीज गेली.
मी अंधारात किसत बसलो, आल्याबरोबर बोटही किसलं,
शिरका किती पडला ते दिसलं नाही.
सकाळी रस्त्यावर मेपल आडवा,
टँकर अंगणातच,
आणि ती शेतातून चालत आली, चिखलाने माखलेली.
पाचला आम्ही दोघंही घरात.
कधीपासून असं झालं नव्हतं, मला मोजता येईना.

तिने उभ्यानेच घोट घेतला.
डोळे मिटले, नाक आक्रसलं,
मान पार खांद्यात गेली,
आणि ती हसली.
मार्चनंतर पहिल्यांदा.
"हे माणसांसाठी आहे की लोणच्यासाठी?"
मग दुसरा घोट घेतला. मग तिसरा.

मग बसली आणि बोलली.
एक मुलगा होता, सहा वर्षांचा,
आई उठत नाही म्हणाला.
चाळीस मिनिटं तो तिच्याशी बोलत राहिला,
कुत्र्याचं नाव सांगितलं, शाळेचं सांगितलं.
मी विचारलं, पुढे काय झालं?
"पुढचं आम्हाला कळत नाही.
दारात माणसं पोचली की फोन बंद होतो."

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ही तर मीठ पिऊन जागते,
ज्यांचं मीठ कधी खाल्लं नाही त्यांच्यासाठी.

मी माझाही पेला भरला.
भयंकर होतं.
नऊला करवत घेऊन माणसं आली,
डेअरीतून दोनदा फोन आला, मी उचलला नाही.
ती टेबलावर डोकं टेकून झोपली होती,
दोन्ही बूट पायातच.
मी खाली बसून नाड्या सोडल्या.